तडतड थांबेपर्यंत : घरच्या घरी औषधी तेल कसं करावं

मी पहिल्यांदा केलेलं औषधी तेल तीन आठवड्यांत बुरसलं. तुळशीची ताजी पानं धुतली, फडक्याने टिपली, बरणीत भरली, वरून तिळाचं तेल ओतलं आणि बरणी खिडकीत ठेवून दिली. दिसायला इतकी देखणी, की येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवत होते. आठवडाभराने तळाशी पाण्याचे बारीक मणी दिसायला लागले. मग झाकण उघडलं की आंबूस वास. शेवटी तेलाबाहेर डोकावणाऱ्या एका पानावर पांढरी लव आली आणि बरणी मुकाट्याने रिकामी केली.

पानं वरून टिपून कोरडी होत नाहीत, कारण पाणी पानाच्या पोटात असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक बरणी खर्ची घालावी लागली. पुढे तेलं करत गेले तसं लक्षात आलं की या कामातल्या जवळपास सगळ्या चुका पाण्यापाशीच येऊन थांबतात. ते नको तिथे शिल्लक राहतं, नाहीतर हवं असतं तेव्हा आटून गेलेलं असतं. म्हणून पुढचं वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: आत्ता पाणी कुठे आहे?

हे तेल म्हणजे नेमकं काय

वनस्पतीतले काही घटक पाण्यात उतरतात, काही तेलात. वास देणारी द्रव्यं, राळेसारखे चिकट पदार्थ, हिरवा आणि केशरी रंग तेलात विरघळतो. तुरटपणा देणारी टॅनिनं मात्र पाण्यात जातात. आपण काय करतो, तर साध्या तेलात वनस्पती मुरवून किंवा शिजवून त्यातलं उतरेल तेवढं उतरवून घेतो आणि चोथा फेकून देतो.

निलगिरी, लव्हेंडर, टी ट्री ही छोट्या बाटलीतली तेलं वेगळी. ती बहुतेक वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढतात, अतिशय तीव्र असतात आणि कढईत होत नाहीत. ती नुसती कातडीवर लावायची नसतात. आपल्या तेलात वासापुरती घालायची झाली तर 100 मिलिलिटरला 20 थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुरे होतात.

आता या तेलाकडून अपेक्षा किती ठेवायची? मालिशच्या तेलाने पाठ हलकी वाटते त्यात चोळण्याचा आणि उबेचा वाटा मोठा असतो, वनस्पतीचा त्याच्या मागोमाग. केसांचंही तसंच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतून होणारी प्रथिनांची गळती त्यातल्या खोबरेलानेच कमी झाली. तेव्हा केस तुटणं कमी होईल, विंचरताना गुंता कमी होईल. गेलेले केस कढईतल्या कुठल्याही तेलाने परत येत नाहीत. हे आधीच मान्य केलं की मग तेल करण्यात फार मजा आहे.

वनस्पती निवडताना

पहिल्या तेलात एकच वनस्पती घ्या. अठरा जडीबुटींचं तेल ऐकायला भारदस्त वाटतं, पण अंगावर पुरळ आलं तर त्या अठरांतली गुन्हेगार कोण हे शोधणार कसं?

नावावर जाऊ नका, झाड ओळखा. माका म्हणून आपल्याला हवा असतो तो बारीक पांढऱ्या फुलांचा. पिवळ्या फुलांचा माकाही असतो आणि तो वेगळी वनस्पती आहे. परदेशी कृतींमध्ये ‘मॅरिगोल्ड’ वाचून बरेच जण झेंडूची फुलं घालतात. तिथे अपेक्षित असतं ते कॅलेंड्युला. दोन्ही फुलं केशरी असली तरी कूळ सोडलं तर नातं फारसं नाही. फवारणी केलेलं, रस्त्याकडेचं, धुरात वाढलेलं झाड घेऊ नका. तेलात औषध उतरतं त्याच वाटेने कीटकनाशकही उतरतं.

नवख्या हाताला बऱ्या वनस्पती म्हणजे निर्गुंडी, माका, तुळस, कडुनिंबाचा पाला, कॅलेंड्युलाच्या पाकळ्या. कोरफड मोहात पाडते, पण तिचा गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच. तो ताजा ताजा तसाच लावावा, तेलात घालायच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नये.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. धोत्र्यातली विषं कातडीतूनही शरीरात जाऊ शकतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. गुंजेचं बी विषारी. बावचीत सोरॅलेन असतं, ते लावून उन्हात गेलं की त्वचा करपते. कोडावर ती वापरतात हे खरं, पण ते वैद्याच्या देखरेखीखालचं काम. लिंबाच्या सालीचं घाण्यावर काढलेलं सुगंधी तेलही उन्हात असाच त्रास देतं, म्हणून सकाळी लावून बाहेर पडू नये.

वाळवणं

पाला निवडा, किडकी पानं काढा, एकदाच स्वच्छ पाण्यातून काढून झटका. सुती कापडावर एकावर एक पान येणार नाही असा पसरा आणि सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. कडक उन्हात रंग उडतो आणि वासही उडतो. दिवसातून एकदा हलक्या हाताने उलथापालथ करा. हवा दमट असेल तर पंख्याखाली ठेवा.

वाळलं कधी म्हणायचं? पान मुठीत धरल्यावर कुरकुरून चुरा व्हायला हवा आणि देठ वाकायच्या ऐवजी काडकन मोडायला हवं. पान कुरकुरीत आणि देठ लवचीक अशी अवस्था येते, तीच फसवी. तेव्हा अजून एक-दोन दिवस थांबा. पाकळ्यांच्या बाबतीत तर फुलाचा हिरवा बुंधा काढूनच टाका, कारण ओल त्यातच दडून बसते.

कोणतं तेल

तिळाचं तेल हे या कामातलं जुनं आणि भरवशाचं तेल. त्यात सेसॅमॉलसारखे घटक मुळातच असतात, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. मालिशसाठी मी डोळे मिटून तेच घेते. केसांसाठी खोबरेल, फक्त ते साधारण 24 अंशांखाली थिजतं हे ध्यानात ठेवा. थिजलं म्हणजे बिघडलं नाही. एरंडेल फार घट्ट आणि चिकट असतं, त्याचा एक भाग दुसऱ्या तेलाच्या चार-पाच भागांत मिसळून वापरावं. मोहरीचं तेल ऊब देतं, पण झोंबतं. जवसाचं तेल या कामाला नको. ते हवा लागताच खवट व्हायला लागतं, आणि त्यात भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

तान्ह्या बाळासाठी औषधी तेल करूच नका. बाळाची त्वचा पातळ असते. मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलाने त्वचेचा बाहेरचा संरक्षक थर कमकुवत होतो असं अभ्यासांत दिसून आलंय, आणि त्यात वनस्पतींची भर कशाला? साधं सूर्यफुलाचं तेल त्या मानाने सौम्य.

घाण्याचं तेल चांगलं, पण त्याच्या तळाला गाळ असतो. तो कढईत घेऊ नका, करपतो. आणि तेल विकत घेतल्यावर आधी वास घ्या. मुळातच खवट असलेलं तेल कुठल्याही वनस्पतीने सुधारत नाही.

दोन सोप्या वाटा

पहिली वाट म्हणजे मुरवणं. पूर्ण वाळलेली वनस्पती चुरून कोरड्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर दोन बोटं राहील इतकं तेल ओता, काडीने हलवून हवेचे बुडबुडे काढा आणि उबदार जागी चार ते सहा आठवडे ठेवा. वनस्पती तेलात बुडालेलीच राहिली पाहिजे. बरणीवर खाकी कागद गुंडाळा, म्हणजे ऊब मिळते आणि उजेड लागत नाही. दोन-तीन दिवसांनी एकदा हलवायचं. बस, एवढंच. कॅलेंड्युलासाठी हीच पद्धत उत्तम.

दुसरी वाट घाईवाल्यांची. पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवा, त्यात दुसरं भांडं बसवा, त्या भांड्यात तेल आणि वाळलेली वनस्पती. दोन ते तीन तास असं ठेवलं की तेल रंग धरतं. खाली पाणी असल्यामुळे तेल 100 अंशांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून करपायची भीती नाही. वाफेचे थेंब वरच्या भांड्यात पडणार नाहीत एवढं बघा, आणि वरच्या भांड्यावर झाकण घालू नका. झाकणाच्या पोटाला जमलेलं पाणी तेलातच गळतं.

खरी वाट : तेलपाक

आता मुख्य काम. आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं एक प्रमाण आहे, शार्ङ्गधर संहितेत ते स्पष्ट दिलंय: कल्क एक भाग, तेल त्याच्या चौपट आणि द्रव पदार्थ तेलाच्या चौपट. म्हणजे 1, 4, 16. कल्क म्हणजे वनस्पतीचा वाटलेला गोळा, आणि द्रव म्हणजे बहुतेक वेळा काढा किंवा रस.

पहिल्यांदा हे प्रमाण बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. तेलात पाणी नको नको म्हणायचं आणि चौपट पाणी ओतायचं! पण यात मोठी मेख आहे. पाण्यात उतरणारे घटक काढ्यातून येतात आणि उकळताना तेलाशी घुसळले जातात, हे एक. दुसरं असं, की कढईत पाणी आहे तोवर मिश्रणाचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं आणि वनस्पती जळत नाही. पाणी इथे राखणदार आहे. त्याचं काम संपलं की त्याला घालवायचं, आणि ते पूर्ण गेलंय याची खात्री करायची. सगळं कसब या शेवटच्या टप्प्यात आहे.

निर्गुंडीच्या तेलाचं उदाहरण घेऊ. 200 मिलिलिटर तिळाचं तेल, 50 ग्रॅम कल्क आणि 800 मिलिलिटर काढा. काढ्यासाठी 200 ग्रॅम वाळलेला पाला 3.2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी झाकण न ठेवता मध्यम आचेवर उकळून चौथाई करा, म्हणजे 800 मिलिलिटर उरेल. गाळून घ्या. कल्कासाठी पाला थोड्या पाण्यात भिजवून चटणीसारखा बारीक वाटा. कल्क जितका बारीक तितकं बरं, पण गुठळ्या नकोत.

भांडं जाड बुडाचं आणि तीन लिटरचं तरी घ्या. एक लिटर मिश्रणाला एवढं मोठं कशाला असं वाटेल, पण ते फसफसून वर येतं तेव्हा जागा लागते. स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धोक. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल लवकर खवट होतं. लोखंडी कढईत आवळा-माक्याचं तेल काळंभोर होतं आणि लोकांना तो काळेपणा गुणकारी वाटतो. खरं तर ते लोखंड आणि टॅनिन यांच्या मिलाफाने झालेलं असतं, शाईसारखं. केस त्याने काळे होत नाहीत, उशीचा अभ्रा मात्र होतो.

तेल, कल्क आणि काढा तिन्ही थंड असतानाच एकत्र करा. तापलेल्या तेलात काढा ओतणं म्हणजे अंगावर स्फोट ओढवून घेणं. आता मंद आच. दोन ते अडीच तास धरून चाला आणि शेजारून हलू नका. लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहा, कारण कल्क खाली बसतो आणि तिथेच लागतो.

सुरुवातीला मोठे आळशी बुडबुडे येतात आणि भरपूर वाफ निघते. या काळात घरभर पाल्याचा कच्चा, गवतासारखा वास असतो. तासाभराने पातळी खाली जाते, तेल कडेने वेगळं दिसायला लागतं, कल्क मधे चिखलासारखा. मग बुडबुडे लहान आणि वेगवान होतात, आवाज बदलतो. खदखद जाऊन बारीक चरचर सुरू होते. इथून पुढे आच आणखी कमी करा आणि लक्ष सगळं कढईत. आतापर्यंत दोन तास लागले असतील, पण यापुढचा खेळ दहा मिनिटांचा आहे. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं. थर्मामीटर असेल तर आकडा 110 च्या पुढे सरकताना दिसेल.

झालंय का हे बघायच्या तीन खुणा आहेत. थोडा कल्क चमच्यावर काढा, निवू द्या आणि अंगठा व तर्जनीमध्ये वळा. कच्चा असेल तर बोटाला चिकटतो, मधून ओलसर लागतो. झालेला असेल तर चिकटत नाही आणि त्याची वात वळली जाते, समईत ठेवावी तशी सरळ. चुरा व्हायला लागला तर उशीर होत चाललाय.

दुसरी खूण कानाची. हीच वात चिमट्यात धरून कढईपासून लांब, दुसऱ्या ज्योतीवर न्या. पाणी शिल्लक असेल तर तडतडते, ठिणग्या उडवते. पाणी गेलं असेल तर शांतपणे पेटते आणि जळत राहते. मला ही परीक्षा सगळ्यात आवडते. डोळे फसतात, बोटं फसतात, पण तडतड लपत नाही.

तिसरी खूण फेसाची. तेल तयार होताना वर पांढरट बारीक फेस येतो. तुपाच्या बाबतीत उलट असतं, तिथे आलेला फेस पाक झाल्यावर शमतो. दोन्हींत गल्लत करून तेलावरचा फेस विरायची वाट बघत बसणारे तेल जाळून बसतात.

ग्रंथांत पाकाच्या तीन पायऱ्या आहेत: कल्क जरा ओलसर राहतो तो मृदुपाक, वात वळते तो मध्यम, आणि कल्क कडकसर होतो तो खरपाक. खरपाक मालिशसाठी सांगितलाय. तरी नवख्यांनी मध्यमावरच थांबावं, असं माझं मत. कारण खरपाकाच्या पुढे दोन-चार मिनिटांवर दग्धपाक उभा असतो. कल्क काळा पडतो, धूर येतो, वास करपट होतो. तेल गेलं, तूप गेलं म्हणायला तूप मुळात नव्हतंच, पण हातात धुपाटणं येतं ते खरं. असं तेल वाचवता येत नाही, टाकूनच द्यावं.

आणि चुकून कढईने पेट घेतलाच, तर पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅस बंद करा, घट्ट बसणारं झाकण वरून सरकवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नका. झाकण आधीपासूनच हाताशी काढून ठेवा. पेटल्यावर शोधायला वेळ नसतो.

गाळणं आणि भरणं

गॅस बंद केल्यावरही जाड बुडाचं भांडं शिजवत राहतं, म्हणून लगेच खाली उतरवा. हात लावता येईल इतकं कोमट झालं की दुहेरी मलमलच्या कापडातून गाळा. आधी आपोआप गळेल तेवढं एका भांड्यात घ्या. मग कापड पिळून निघेल ते वेगळ्या वाटीत. पिळलेल्या तेलात बारीक गाळ असतो, ते आधी वापरून टाकायचं. गाळलेलं तेल झाकून एक रात्र स्थिर ठेवा आणि सकाळी तळाचा थर न हलवता वरचं ओतून घ्या. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर पाणी राहिलंय. वरचं तेल पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि वातीची परीक्षा परत घ्या. मापून पाहिलं तर 200 मिलिलिटरचं 200 भरणार नाही, थोडं कल्कात अडकतंच.

कापूर घालायचा असेल तर तो आत्ता, आच पूर्ण बंद असताना, कोमट तेलात. कापूर पेटतो, त्यामुळे गॅसवर कधीच नाही. 200 मिलिलिटरला 2 ते 4 ग्रॅम पुरे. कापूर असलेलं तेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका आणि मोठ्या मुलांच्याही हाताला लागू देऊ नका. पोटात थोडासा गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

गडद रंगाची काचेची बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहते. वर चिठ्ठी लावा: वनस्पती, तेल, तारीख आणि ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. आज आपल्याला सगळं आठवतं, चार महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला ते खोकल्याचं औषध वाटू शकतं. अंधारात, थंड जागी सहा महिने टिकतं. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून घातल्या तर खवटपणा लांबतो, पण त्या जंतू मारत नाहीत. ओल राहिलेल्या तेलाला त्या वाचवू शकत नाहीत.

लसणाबद्दल वेगळं सांगायला हवं. ताज्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची सवय घातक आहे. तेलात हवा नसते, लसणात ओल असते, आणि अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्याला दाबाखालचं 121 अंश तापमान लागतं. वास-रंगावरून हे विष कळतही नाही. म्हणून लसणाचं तेल साठवायचं नाही. मालिशला हवंच असेल तर पाकळ्या लालसर कोरड्या होईपर्यंत तळून, गाळून, त्या दिवसापुरतं करावं.

लावताना

पहिल्याच दिवशी अंगभर चोपडू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावा, दोन दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ नसेल तर पुढे जा. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ असं म्हणणाऱ्याला बिब्ब्याची आठवण करून द्या.

मालिशचं तेल थेट गॅसवर गरम करू नका. छोटी वाटी गरम पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. एका गुडघ्याला एक चहाचा चमचा तेल खूप झालं. दहा-पंधरा मिनिटं, हाताच्या तळव्याने, सांध्यावर गोल आणि लांब हाडांवर सरळ. जोर लावायचा नाही. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने आंघोळ. न्हाणीघराची फरशी मात्र आधी साबणाने धुऊन घ्या. गुडघा बरा करायला जाऊन मनगट मोडून घेतलेली माणसं असतात.

केसांना लावायचं तर बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. तास-दोन तासांनी धुवा. कोंडा असेल तर थांबा. कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया नावाची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते, त्यामुळे रात्रभर तेल ठेवून कोंडा वाढल्याची तक्रार खोटी नसते. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेलाचं तेल कपाळाशी उतरू देऊ नका.

कधी लावायचं नाही

भाजल्यावर तेल नाही. वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी, एवढाच प्रथमोपचार. या लेखात पाण्याच्या बाजूने मी इथे मनापासून बोलते आहे. उघड्या जखमेवर, चिघळलेल्या पुरळावर नाही. ताप असताना मालिश नाही. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, तर तिला मालिश करायची नाही, हे पाठच करून ठेवा. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कानात तेल घालण्याआधी पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांकडून कळायला हवं. कान वाहत असेल तर अजिबात नाही. नाकात घरचं तेल घालू नका. नस्याची तेलं आणि मात्रा वैद्य ठरवतात. तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि लहान मुलांत, वयस्कर माणसांत हे सहज घडतं. गरोदरपणात वनस्पतींची तेलं विचारल्याशिवाय लावू नका. पोटात घ्यायचं तर यातलं काहीच नाही. कडुनिंबाच्या तेलाने लहान मुलांना विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

बिघडलंय हे कसं कळतं

रंगाच्या जुन्या पेटीसारखा किंवा शिळ्या शेंगदाण्यासारखा वास आला की तेल खवट झालं. गढूळ झालं, दोरे तरंगताना दिसले, आंबूस वास आला की ओल होती. थंडीत थिजलेलं खोबरेल आणि बिघडलेलं तेल यात घोळ होऊ नये म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून बघा. निवळ झालं तर ठीक. खवट तेल ‘निदान पायाला तरी’ म्हणून वापरू नका. मोरीत ओतू नका, नळी तुंबते. जुन्या कागदात किंवा भुशात जिरवून कचऱ्यात टाका.

रिकामी झालेली बाटली पुढच्या खेपेला वापरायची असेल तर आधी कोरडीच कागदाने पुसा, मग गरम पाणी आणि साबण, मग दोन दिवस उन्हात उलटी. झाकण वेगळं वाळवा. झाकणाच्या आट्यांमध्ये पाण्याचा एखादा थेंब हटकून लपलेला असतो. टिपकागदाचा बोळा आत फिरवून बघा. कोरडा निघाला तरच तेल भरा.